बाबांना पुन्हा प्रार्थना करायला लावणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "प्रभूचं काम, माझं काय त्यात" म्हणत उठून स्वयंपाकघरात जाता. आता पुण्याला लेकाकडे आहात. नातू वाचून दाखवील, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत बाबांच्या प्रार्थनेला मान होता. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. पाळकसाहेबांनी "मास्तर, प्रार्थना करा" म्हटलं की "हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, सनातन पित्या" अशी सुरुवात व्हायची आणि मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प बसायची. त्या भाषेत दिखावा नव्हता, ती त्यांची मनापासूनची भाषा होती, हे इथे लिहून ठेवते.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द निघेना. पाणी हवं असलं तरी तांब्याकडे बोट. नवल असं की आम्ही "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रभूची प्रार्थना सुरू केली की बाबा ती सबंध न अडखळता म्हणायचे. ना. वा. टिळकांची भजनंही आमच्याबरोबर गायचे. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की असं पुष्कळांचं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की नवं वाक्य जुळवणं अवघड जातं, पण लहानपणापासून पाठ असलेलं आणि गाण्यातलं बऱ्याचदा टिकून राहतं. आम्हाला केवढा आनंद! बाबा मात्र आमेन झालं की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

ते का, हे तुम्ही ओळखलंत. भेटायला येणारे सगळेच प्रार्थना करून जात होते. तुम्ही खुर्ची पलंगाजवळ ओढलीत आणि आधी विचारलंत, "मास्तर, आज काय सांगायचंय देवाला?" बाबांचे ओठ हलले, शब्दाच्या जागी हुंदका आला. तुम्ही घाई केली नाहीत. त्यांचा डावा हात धरून किती तरी वेळ नुसत्या बसून राहिलात. मग डोळे मिटून म्हणालात, "बापा, मास्तरांना राग आलाय. तुझ्यावरच आलाय. हात चालंना, शब्द येईना. तूच बघ आता. आणि रात्री झोप लागू दे, पोरगी पण जागीच असते. येशूच्या नावानं, आमेन."

झालं, एवढीच. बाबांनी मान जोरजोरात हलवली. घरात सगळ्यांना दिसत असलेला तो राग देवापुढे तोवर कुणी काढलाच नव्हता.

"असं बोललेलं चालतं?" मी विचारलं. तुम्ही बायबलमधलं तेरावं स्तोत्र उघडून माझ्या हातात दिलंत. दावीद राजा देवाला सरळ विचारतो, परमेश्वरा, मला कुठवर विसरणार आहेस? पुढे येत राहिलात तेव्हा बायबलमधली एकेक गोष्ट सांगत गेलात, शेजारच्या गल्लीतली बातमी सांगावी तशी. मंदिरात मूल मागताना हन्नाचे नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे; देवाने ऐकलं. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराने छाती बडवत एका वाक्यात दया मागितली आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो, काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य, म्हणजे शब्दांत न मावणाऱ्या, कण्हण्याने आपल्यासाठी मागतो. कण्हण्याचं ऐकताना बाबा रडले.

तरी मराठीच्या मास्तरांना पटवलं ते तुमच्या आजीच्या आठवणीने. आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अक्षरं शिकली. रमाबाई म्हणजे संस्कृतची केवढी विदुषी, पण साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. "रमाबाईंना जड शब्द येत नव्हते का, मास्तर?" असं तुम्ही विचारलंत, आणि बाबा आजारपणात पहिल्यांदा हसले.

त्यांच्या तोंडून आलेली पहिली स्वतःची प्रार्थना म्हणजे "दुखतंय". तुम्ही लगेच आमेन म्हणालात. प्रभूची प्रार्थना तुम्ही कधीच वगळली नाहीत, फक्त "आमची रोजची भाकर" आलं की थांबायचात आणि ज्याला जे हवं ते तो बोलायचा. कुणी औषधाचे पैसे, कुणी भावाची नोकरी. तिथे एकदा बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला झोप."

मावशी, बाबा पुरते बरे झालेले नाहीत. उजवा हात अजून उचलत नाही. आम्ही त्यासाठी रोज मागतो, आणि मिळत नाही म्हणून रोज तक्रारही करतो. दोन्ही मोकळेपणाने करता येतं, हे मला तुमच्यामुळे मिळालं. त्याचे आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून नुसतंच लिहिते: मनापासून आभार.

तुमच्या ऑपरेशनची बातमी आल्यापासून बाबांच्या सकाळच्या प्रार्थनेत "मावशी. गुडघा." हे दोन शब्द ठरलेले आहेत. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की नाताळला इकडेच या. गाडी पाठवू, जिना चढायला लागू नये म्हणून खालची खोली रिकामी ठेवू.

प्रभूमध्ये तुमची,
मास्तरांची थोरली