आबांना खिडकीतून उतरवणाऱ्यांना

आमच्या गावच्या फॉयरवेअरमधल्या, म्हणजे इथल्या अग्निशमन दलातल्या मंडळींनो, आणि रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेतल्या तुम्हा दोघांनाही,

पत्र मराठीत आहे, कारण आबांचा तसा हट्ट आहे. कराडकडच्या आमच्या माणसांनाही ते वाचता यावं, असं ते म्हणतात. जर्मन तर्जुमा तुमच्या ठाण्यावर आणून देते.

त्या रात्री सव्वातीनला आबांच्या छातीत कळ आली. मी 112 फिरवला. डोक्यात अजून आपल्याकडचाच हिशेब, आगीला 101 आणि रुग्णवाहिकेला 108. इथं दोन्हींसाठी एकच नंबर, पलीकडे एकच कक्ष. रुग्णवाहिका आली, मागोमाग वेगळ्या गाडीनं डॉक्टर आले. ईसीजी पाहून ते म्हणाले, यांना एक पाऊलही चालवायचं नाही, आडवंच न्यायचं. आमचा तिसरा मजला, आणि जुना लाकडी जिना असा वळत जाणारा की सोफा आणताना त्याचे पाय कापावे लागले होते. तुमच्यातली एकजण वायरलेसवर दोन वाक्यं बोलली. थोड्याच वेळात खाली निळे दिवे दिसले आणि मी खुळ्यासारखी विचारत सुटले, आग कुठं लागलीय?

खिडकीतून पाहिलेली एक गोष्ट मात्र डोळ्यांपुढून जात नाही. शिडीची गाडी वळणावर दिसायच्या आतच रुग्णवाहिका दारापासून मागं गेली होती. शिडीच्या गाडीला चारी पाय पसरायला जागा लागते, हे चालकाला कुणी सांगावं लागलं नाही. तुमचे प्रमुख वर आले ते थेट डॉक्टरांकडे गेले: वजन किती, डोकं कुठल्या बाजूला, ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर जाणार का? आबांबद्दल शब्द डॉक्टरांचा, शिडीबद्दल तुमचा. खिडकीचं तावदान बिजागरीतून निघालं, स्ट्रेचर शिडीच्या पाळण्यावर बसलं आणि आबा फेब्रुवारीच्या थंडीत अलगद खाली गेले. 'उसाची मोळी आवळावी तसं बांधलं होतं मला,' असं ते आता फोनवर सगळ्यांना सांगतात. पाळण्यातल्या मुलानं वाटभर त्यांचा हात धरला होता. तो काय बोलत होता ते आबांना कळलं नाही, आणि ते ज्ञानोबा-तुकाराम म्हणत होते ते त्याला कळलं नसणार.

आता माझी कबुली. गेल्या शरदात तुमचा आणि रुग्णवाहिकेचा एकत्र सराव चालला होता. शाळेच्या खिडकीतून एक बाहुला पुन्हा पुन्हा उतरवत होतात, रस्ता बंद होता, आणि मी गाडीत बसून चरफडत होते. खेळ चाललाय नुसता, असं नवऱ्याला म्हणालेही होते. ते शब्द मागे घेते.

रुग्णवाहिकेतली माणसं पगारी आहेत, त्यासाठी शिकून आलेली. त्यांचं काम त्यानं उणं होत नाही. पण तुम्ही सुतार, शिक्षिका, बेकरीवाले! जर्मनीत असे सुमारे 10 लाख स्वयंसेवक आहेत हे मी कुठंतरी वाचलं होतं. उशाशी पेजर ठेवून झोपणारी माणसं म्हणजे काय, ते मात्र सकाळी समजलं. इस्पितळातून परतताना बेकरीत थांबले, तर रात्री शिडीचा दांडा हाती असलेले काका गल्ल्यावर उभे. डोळे लाल. 'वडील कसे आहेत?' एवढंच विचारलं आणि ब्रेत्सेल पावाचे पैसे मात्र रीतसर घेतले. मला ते फार बरं वाटलं.

आबांच्या हृदयात एक स्टेंट बसलाय. ते आता रोज नदीपर्यंत फिरून येतात. जिना चढताना दोनदा थांबतात, आणि प्रत्येक वेळी त्या खिडकीकडे बघतात.

साताऱ्याहून कंदी पेढे मागवलेत. सोमवारी सरावाच्या वेळी घेऊन येते. अर्धे रुग्णवाहिकेच्या ठाण्यावर पोचवा, ते तुमच्याच भरवशावर सोडते. आणि तुमच्याकडे नवीन माणसांसाठी जो अर्ज असतो, तो एक बाजूला काढून ठेवाल का?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण