शेवटचा शून्य

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

प्रोग्राम तुझ्या लॅपटॉपवर चालतो आणि लॅबमध्ये कोसळतो, असं काल फोनवर म्हणालीस. आज जेवण झाल्यावर तुझा सी भाषेतला कोड नीट वाचला.

मॅलॉकला, म्हणजे मेमरीत जागा देणाऱ्या फंक्शनला, तू स्ट्रलेननं मजकुराची लांबी मोजून तेवढीच जागा मागितलीस. मजकूर इथे संपला हे सांगणारा शेवटचा शून्य स्ट्रलेन मोजत नाही, पण मजकूर उतरवणारं स्ट्रकॉपी तो लिहितंच. म्हणजे एक बाइट हद्दीबाहेर गेला. मॅलॉक पुष्कळदा मागितल्यापेक्षा थोडी जास्त जागा देतं, म्हणून तुझ्याकडे निभावलं. त्यावर विसंबू नकोस, अधिक एक कर.

हा शून्य मला फार महागात पडलाय. तुझ्या जन्माआधी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीसाठी मी बिलांचा प्रोग्राम लिहिला होता. नावाला वीस अक्षरांची जागा होती आणि स्ट्रएनकॉपीला, म्हणजे सांगू तेवढेच बाइट उतरवणाऱ्या फंक्शनला, वीसच सांगितले होते. एका गिऱ्हाइकाचं नाव नेमकं वीस अक्षरी निघालं. अशा वेळी स्ट्रएनकॉपी शून्य घालत नाही. छपाई तशीच पुढच्या रकान्यात घुसली आणि बिलावर नावाला चिकटून गावही छापलं गेलं. चूक सापडायला तीन रात्री गेल्या. मालक ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

आणि मराठीत अक्षरं मोजून जागा धरू नकोस. ‘कोल्हापूर’ आपण चार अक्षरं म्हणतो, पण यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ते 27 बाइट होतात. शून्य धरून 28.

टाइप केलेली ओळ वाचून घेणारं गेट्स आजच काढ. आपल्याकडे जागा किती आहे, हे त्याला सांगताच येत नाही. 1988 साली इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रामची एक वाट 512 बाइटच्या बफरवरच्या गेट्समधूनच होती. 2011 च्या सी प्रमाणात तर ते उरलंही नाही. जागा किती ते सांगता येणारं एफगेट्स घे.

तुझं एक फंक्शन आतल्या लोकल अ‍ॅरेचा पत्ता परत देतं. फंक्शन संपलं की ती जागा आपली राहत नाही. तिथे मॅलॉक कर, आणि ते फ्री कोण करणार, म्हणजे ती जागा परत कोण देणार, हे फंक्शनच्या डोक्यावर लिहून ठेव. साचा करायचा पॅटर्न दुसऱ्या फौंड्रीत पाठवला की परत कोण आणणार, हे आम्ही वहीत लिहायचो, तसं. दोन ठिकाणी फ्री झालं तर जागा परत न देण्याच्या गळतीपेक्षा वाईट.

दुरुस्त करून मेमरीच्या चुका दाखवणाऱ्या व्हॅलग्रिंडखाली चालव आणि जे छापून येईल ते सगळं मला पाठव. मी जागाच आहे.

तुझे,
बाबा