आमच्या समुपदेशक ताईंना आभाराचे पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मुले आपापल्या मार्गाला लागली आणि रजोनिवृत्तीच्या काळात माझी झोप उडाली, तेव्हापासून आम्हा दोघांमध्ये जो अबोला वाढत गेला होता, त्यातून बाहेर पडायला आपण केलेल्या मदतीबद्दल हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, श्रद्धा जपूनही समुपदेशन घेता येते हे अनेक जणींना ठाऊक नसते; कुणाला वाटते, तिथे देवाधर्माची टर उडवली जाईल, तर कुणाला वाटते, प्रवचन ऐकावे लागेल.

आपण यातले काहीच केले नाहीत. माझी रोजची प्रार्थना आणि यांचा देवावरून उडालेला विश्वास, या दोन्ही गोष्टी आपण सारख्याच आदराने ऐकून घेतल्या, श्रद्धेचा विषय सत्रात आणायचा की नाही हे ठरवणे आमच्यावर सोपवले आणि स्वतःचा कल कुठे आहे हे अखेरपर्यंत जाणवू दिले नाहीत. त्याही आधी आपण आमच्याशी वेगवेगळे बोलून, घरात कुणाला कुणाची भीती वाटते का, हे विचारले होते. भीती असेल तर जोडप्याला एकत्र बसवणे धोक्याचे ठरू शकते आणि ‘सहन करणे हाच धर्म’ असे सांगून कुणालाही तिथे अडकवून ठेवता येणार नाही, हे आपण इतक्या स्पष्टपणे सांगितलेत की माझा आपल्यावर विश्वास बसला तो तेव्हाच. माझी झोपेची तक्रार केवळ मनाची आहे असे गृहीत न धरता आपण मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलेत, याचेही मोल मोठे आहे.

एका सत्रात आपण मला विचारलेत, “प्रार्थनेत तुम्ही काय मागता? जमत असेल तर यांच्याकडे पाहून सांगा.” “मला पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे,” एवढेच मी म्हणाले. यांनी चष्मा काढून हातात धरला आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “मला वाटायचे, तू देवाकडे माझ्यात सुधारणा मागतेस.” इतक्या वर्षांच्या संसारात हा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेले संकटाला सामोरे जाण्याचे तीन प्रकार आपण त्यानंतर समजावून सांगितलेत: सारे देवावर सोपवणे, सारे स्वतःच्या बळावर करणे आणि देवाला सोबतीला घेऊन स्वतः झटणे. यांना लगेच दुसऱ्या प्रकारात स्वतःची ओळख पटली. मला तिसरा जवळचा वाटला, आणि तेव्हापासून जे यांच्याशी बोलायचे ते मी यांच्याशीच बोलते. प्रार्थना आहेच, पण ती आता त्या बोलण्यासाठी बळ देते. जे खरोखरच आपल्या हाती नसते ते देवावर सोपवण्यातही समाधान असते, हे आपण आवर्जून सांगितलेत. माझ्यासारखीला ते ऐकणे फार गरजेचे होते.

आमच्या श्रद्धेतला फरक आजही तसाच आहे आणि तो मिटवण्याचा आग्रह आपण कधीच धरला नाहीत, याबद्दल यांनी आपले विशेष आभार मानायला सांगितले आहे. हे पत्र त्यांनी वाचले असून ते आम्हा दोघांचे समजावे.

आपले कृतज्ञ,
एक दांपत्य