दिल्याला पत्र: गवंड्याने बुजवलेल्या फटी

देवरूख,
२३ मे

प्रिय दिल्या,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही, फोनवरही नुसतं 'हो, ठीक', तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढचं वाच. प्रकृती बरी. गुडघा तसाच. अण्णांचं शुगर ताब्यात आहे असं डॉक्टर म्हणतात, अण्णा म्हणत नाहीत. झालं.

आता मुद्दा. गवंड्याने फटी भरल्या.

कुठल्या फटी ते तुला सांगायला नको, आणि दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. म्हणून तर लिहायला बसलो. बागेतल्या आपल्या छोट्या रेल्वेच्या रुळांखालच्या काँक्रीटच्या पट्टीत दर दोन मीटरला सोडलेली दहा मिलिमीटरची फट, आणि वर रुळाच्या प्रत्येक जोडाला अर्धा-पाऊण मिलिमीटर. मी अण्णांना घेऊन रत्नागिरीला गेलो, तेवढ्यात पठ्ठ्याने सगळं सिमेंटच्या रबडीने बंद करून वर ओल्या फडक्याने पुसून काढलं. "काम उघडं राहिलं होतं साहेब, फिनिशिंग मारून टाकलं." वर पैसेही घेईना. अशा माणसावर चिडायचं कसं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फणसाकडची सरळ लाइन कमान होऊन बाहेर आली. हिशेब कर. पेको या इंग्रज कंपनीचे चार रूळ, प्रत्येकी ९१४ मिलिमीटर, म्हणजे ३.६६ मीटर. रुळाचा धातू, निकेल सिल्व्हर, एका अंशाला मीटरमागे साडेसोळा मायक्रॉन वाढतं. सकाळी रूळ ३० अंशांवर, दुपारी उन्हात ६० वर. वाढ फक्त १.८ मिलिमीटर. पण दोन्ही टोकं जाम असली की ती वाढ बाजूला जाते, आणि कमानीच्या गणिताने मधोमध सरक येते ५ सेंटिमीटर! मोजपट्टी लावली तर साडेतीन भरली. उरलेलं स्क्रूंनी धरून ठेवलं होतं. संध्याकाळी रूळ आपोआप बराचसा जागेवर गेला. दोन फिशप्लेटा, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, मात्र कायमच्या वाकल्या.

दुरुस्ती सोपी, पण वेळखाऊ. काँक्रीटमधल्या फटी ग्राइंडरने पुन्हा कापून त्यांत थर्माकोलची पट्टी बसवायची, म्हणजे पुढच्या सुगरणीला भरायला जागाच उरणार नाही. जोडांतली रबडी हॅकसॉ ब्लेडने खरवडायची. आणि रूळ परत बसवताना तेच ब्लेड माप म्हणून वापरायचं: सकाळी आठच्या आत, रूळ पंचविशीच्या आसपास असताना, दोन टोकांच्या मध्ये ब्लेड सरकवायचं, फिशप्लेट चढवायची, ब्लेड काढायचं. ब्लेड साधारण ०.६ मिलिमीटर जाड असतं, आणि २५ वरून ६० पर्यंतची वाढ ०.५३. बरोबर बसतं. जानेवारीच्या पहाटे टाकणार असशील तर पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान जोडीला घे. आणि स्क्रू आवळून टाकायचे नाहीत. दर ३० सेंटिमीटरला चार नंबरचा पितळी स्क्रू, स्लीपरमधलं भोक लांबट करून, डोकं अर्ध्या आट्याने सैल. रूळ पट्टीवर बसलेला हवा, बांधलेला नको. लोखंडी स्क्रू इथे दोन पावसाळे टिकत नाहीत.

आपण रुळातून वीज सोडत नाही हे किती बरं. वाफ आणि बॅटरी असल्यामुळे जोडाला तार डाखवायची भानगड नाही. जोड मोकळा राहतो. एलजीबी या जर्मन कंपनीच्या, रुळातून वीज घेणाऱ्या गाड्या चालवणाऱ्यांना पितळी रूळ सतत घासत बसावे लागतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत, शेवाळात आणि फणसाच्या पानांच्या चिकात ते काय घासणार!

पण हे सगळं झालं वरवरचं. खरी काळजी त्याच फणसाकडच्या भरावाची आहे आणि मृग तोंडावर आलाय.

तिथे जमीन उतरते, त्यामुळे लाइन जमिनीपासून ४० सेंटिमीटर वर. लांबी सहा मीटर. आत्ता तिथे तांबड्या मातीचा भराव घातलाय, चोपून, पाणी मारून, पुन्हा चोपून. उन्हाळ्यात दगडासारखा वाटतो. पण आपला पाऊस म्हणजे पाऊस, तो काही आपल्या गाडीच्या मापाने, १:१९ मध्ये, पडत नाही. भराव प्यायला की बसणार, आणि सगळीकडे सारखा बसणार नाही हे खरं दुखणं. चढ आपण चाळिसात एक ठेवलाय, मीटरला २५ मिलिमीटर. एका मीटरमध्ये खालचं टोक फक्त सेंटिमीटरभर बसलं तर तिथला चढ मीटरला ३५, म्हणजे अठ्ठाविसात एक. वाफेचं छोटं इंजिन चार डबे घेऊन तिथे चाकं फिरवत उभं राहणार. शिवाय ओढ्यावरचा पूल पक्क्या खांबांवर, तो हलणार नाही, भराव बसणार. म्हणजे पुलाच्या तोंडाशी पायरी. खऱ्या रेल्वेलाही पुलाच्या दोन्ही अंगांना हाच त्रास असतो, आपण वेगळे नाही.

त्यात मुठे. खेकड्यांवर खापर फोडणाऱ्यांतला मी नाही, पण ओला भराव दिसला की ते बिळं करणारच, आणि बिळातून पाणी शिरलं की आतली माती घेऊन बाहेर पडतं. वरून सगळं जागच्या जागी, आत पोकळ.

तू म्हणशील, लाइन कमरेइतक्या उंचीवर घे, खांब आणि वर पट्टी, गुडघाही खूश. नको. त्यावरून आपण सुमीच्या लग्नातही भांडलोय, पुन्हा नको. टेबलावरची गाडी ती टेबलावरची गाडी. बागेतून जाते ती जमिनीवरून जाते.

माझ्या डोक्यात आहे ते असं. भराव ठेवायचा, पण फक्त दाखवायला. वजन त्याच्यावर द्यायचंच नाही. दर ९० सेंटिमीटरला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा, खाली कातळाला टेकेपर्यंत. आपल्याकडे ६० सेंटिमीटरवर कातळ लागतोच. पाइपात दोन आठ एमएमच्या सळ्या आणि काँक्रीट. त्यावर १५० रुंद, ७५ जाड पट्टी, दोन सळ्यांची. बाहेरून जांभ्याच्या तुकड्यांचा गडगा, कोरडा, मातीत-सिमेंटात न बसवता, तळाशी रुंद, वर निमुळता. आत मातीऐवजी २० एमएम खडी, आणि खडी-माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), म्हणजे खडी चिखलात रुतत नाही. कोरड्या गडग्यातून पाणी आपसूक निघून जातं. सिमेंटात बांधलेली भिंत पाणी अडवते आणि एके दिवशी पोट पुढे काढून उभी राहते. शिवाय तळातून दर दीड मीटरला ५० एमएमचा पाइप आरपार, उताराकडे एक बोट कललेला, तोंडाला जाळी. जाळी मुठ्यांसाठी.

किंवा भराव काढूनच टाकायचा आणि सहा मीटरची कमानींची रांग उभारायची. दिसायला काय दिसेल ते तुला मी सांगायला नको. पण तेवढं काम मृगाआधी होत नाही, आणि अर्धवट कमानी पावसात सोडणं म्हणजे पुढच्या वर्षी दुप्पट काम. तुझं मत हवंय. तुझ्या मताविरुद्ध केलं की मला निदान कशाच्या विरुद्ध केलं ते कळतं.

खऱ्या माथेरानच्या लाइनकडे बघ. १९०७ साली गाडी सुरू झाली, इतकी वर्षं विसात एकच्या चढावर चालली, आणि २६ जुलै २००५ च्या पावसाने लाइन अशी उखडली की पुन्हा गाडी धावायला २००७ उजाडलं. गाडीचं वजन किती? पाण्यापुढे काहीच नाही.

आणि हो, बार्शीच्या छोट्या रेल्वेचा विषय काढू नकोस. ती बांधणाऱ्या तुझ्या कॅलथ्रॉप साहेबांची १८९७ सालची लाइन अडीच फुटी (दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज), म्हणजे आपल्या सोळा मिलिमीटरला फूट या हिशेबाने ४० मिलिमीटर. ४० चा रूळ कोण विकतं? माथेरान दोन फुटी, त्याचे ३२, पेकोचा रूळ बॉक्समधून काढला की मापात. तरी तुझ्या समाधानासाठी एक गोष्ट: पेकोच्या तयार वळणाची त्रिज्या ७६२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अडीच फूट, बार्शीचा खरा गेज. घे, खूश हो. मी तसंही ते वळण वापरत नाहीये, १२०० च्या खाली डबे तिरके दिसतात.

स्टेशनचं सांगतो. माथेरानच्या लाइनवरचं जुम्मापट्टी करायचं की वॉटर पाईप ते ठरलं नाही, पण भिंती तयार आहेत. सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा, १०० एमएमचा ब्लॉक, करवतीने कापून ४० चा केला, मग जुन्या स्क्रूड्रायव्हरने दगडांचे थर कोरले. फूटभर दगडाला १६ मिलिमीटर, ओळी सरळ, उभे सांधे वेडेवाकडे. कोरायला बटाटा बरा, इतका मऊ. पण पाणीही तसंच पितो. म्हणून आधी सिमेंटच्या पातळ पाण्यात पॉलिमर घालून दोन हात, सुकल्यावर रंग, सगळ्यात वर सायलेनचं वॉटर रिपेलंट. ऑइल पेंट अजिबात नाही. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि रंग पापुद्र्याने सुटतो. प्लायवुड मरिन असलं तरी नको, कडा फुगतात आणि वाळवीला आमंत्रण. खिडक्या, दरवाजे सागाच्या पट्ट्यांचे, काचेला २ एमएम ॲक्रिलिक. सनबोर्ड फक्त आतल्या पार्टिशनला, उन्हात तो पिवळा पडून कडकडीत होतो.

छपरावर मात्र मान मोडली. मंगलोरी कौल ४१० बाय २३५, आपल्या मापात साडेएकवीस बाय साडेबारा. पावसाचा टपोरा थेंब पाच मिलिमीटरचा, म्हणजे कौलाच्या लांबीचा चौथा भाग! त्या छपरावर पाणी पडत नाही, हातोडे पडतात. सुटी कौलं चिकटवून भागत नाही. खाली ॲल्युमिनियमचा अखंड पत्रा, कोन्यात दुमडलेला, पुढे भिंतीच्या दीड इंच बाहेर, आणि कडेला खाली वळवलेली पन्हळ, म्हणजे पाणी भिंतीवर न उतरता थेट खाली गळेल. त्याच्यावर पातळ पत्र्याच्या पट्ट्या, लाकडी साच्यावर रिकाम्या रिफिलने कौलाची नक्षी दाबून. पट्टीगणिक दहा कौलं. वरची पट्टी खालचीवर तीन मिलिमीटर चढवायची. आणि अख्खी इमारत दोन स्क्रूंवर, जोत्यापासून सुटी. जून ते सप्टेंबर घरात.

बोगद्याचं एकच सांगतो: लांबी १२० सेंटिमीटरच्या वर नाही, कारण दोन्ही तोंडांनी हात ६० पर्यंतच जातो आणि गाडी अडकायची ती मधोमधच अडकते. माथेरानच्या वन किस टनेलमध्ये एका चुंबनाला वेळ मिळतो म्हणतात, आपल्यात शिंकायलाही मिळणार नाही. पण हात घालण्याआधी काठी घालायची, आणि गाडी चालत नसेल तेव्हा दोन्ही तोंडांना जाळीची दारं. फुरशासारख्या विषारी सापाला थंड, कोरडी, अंधारी जागा आवडते आणि आपण नेमकी तीच बांधली आहे. छप्परही मधोमध उचलता येईल असं ठेवलंय.

खडीला क्रशरची बारीक कच आणली, चाळून दोन ते चार मिलिमीटरची. नदीची गोल वाळू टाकू नकोस हो, ती एकमेकांत अडकत नाही, पहिल्या सरीला वाहून जाते.

तुझं काय? बदलीचं झालं का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं सुमीकडून कळलं, बरं वाटलं. मुक्ता ऑगस्टमध्ये इंग्लंडहून येतेय ना? तिला सांग, पेकोच्या एसएम-३२ च्या, म्हणजे आपल्या ३२ मिलिमीटरच्या रुळांच्या, फिशप्लेटांची दोन पाकिटं आण, कोड २०० च्या (हे रुळाच्या उंचीचं माप), बाकी काही नको. रूळ आणायला सांगू नकोस, पोरगी बॅगेत काय घेऊन चाललीय ते विमानतळावर समजावत बसेल.

गडगा की कमानी, एवढं एका ओळीत लिही. कॅलथ्रॉपचं नाव आलं तर पत्र न वाचता परत.

तुझा,
नंदू

ता. क. गवंडी काल विचारत होता, पुलाच्या एका टोकाशी पट्टी मोकळी का ठेवलीय. दीड मीटरचा ॲल्युमिनियमचा अँगल उन्हात मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर वाढतो, म्हणून एक टोक पक्कं, एक सरकतं, हे समजावलं. मान डोलावली. सिमेंटची पिशवी मी आत कुलपात ठेवली आहे.