शिट्टी न वाजवणारा कोच

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नोकरी सोडून छोट्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा सहायक कोच होणार म्हणालास आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. तुला ते लागलं असणार. पगाराचं माझ्या मनातही आलं नव्हतं. डोळ्यांसमोर आला तो तुझा नववीतला खांदा. सरावात तुझ्याच संघातल्या मुलांनी तुला आपटलं होतं. एका हाताने शर्टाचं बटण लागेना म्हणून तू स्वयंपाकघरात रडवेला उभा होतास, आणि तुझे तेव्हाचे कोच मला म्हणाले होते, "पोरं अशीच घट्ट होतात." त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

रविवारी गाडी काढून कॉलेजव्हिलला गेले. इतकी वर्षं इथे मिनेसोटात सेंट क्लाउडला राहतोय, पण तिथल्या सेंट जॉन्स कॉलेजच्या मैदानाकडे मी कधी वळले नव्हते. पाइनच्या झाडांनी वेढलेल्या खळग्यात ते आहे. तिथे जॉन गलार्डींनी फुटबॉलचे कोच म्हणून 1953 ते 2012, तब्बल 60 हंगाम काढले. त्यांची सुरुवात मात्र कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडची. 1943 साली शाळेचे कोच युद्धावर गेले आणि 16 वर्षांच्या जॉनने संघ हाती घेतला. खेळाडू म्हणून ज्याचा जाच व्हायचा, ते त्याने आधी बंद केलं. सरावात पाणी पिऊ देत नसत, ते याने पिऊ दिलं. मला या माणसाची सगळी कारकीर्द त्या पाण्यात दिसते.

पुढे त्यांनी सरावात टॅकल करणं, म्हणजे समोरच्याला धरून जमिनीवर पाडणंच बंद केलं. शिट्टी नाही, दीड तासापेक्षा जास्त सराव नाही, कोणाला संघातून काढायचं नाही. दीडशेच्या वर मुलं असायची, तरी नाही. आणि "कोच" म्हणायचं नाही, "जॉन" म्हणायचं. (तुझे आजोबा कोल्हापूरच्या तालमीत वस्तादांसमोर बसतसुद्धा नसत. त्यांना हे सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.)

सरावात आपटाआपटी केली नाही, तर शनिवारी सामन्यात कशी जमणार, असं तुला तिथले जुने लोक विचारतील. त्यांना 2003 सांग. ओहायोचं माउंट युनियन तेव्हा सलग 55 सामने हरलं नव्हतं. अंतिम सामन्यात जॉनच्या मुलांनी त्यांना 24-6 असं हरवलं. जॉन निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 489 विजय होते. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कोणाचेच नाहीत. पण बाळा, हे आकडे दुसऱ्यांना पटवायला आहेत. मला जॉन शून्य विजयांवरही पटले असते.

तुझं कॉलेज तिसऱ्या डिव्हिजनचं, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. तेव्हा मुलं मिळवायला तुला गावोगाव गाडी हाकावी लागेल आणि कोणाच्या तरी आईच्या स्वयंपाकघरात बसून बोलावं लागेल. ती कॉफी पुढे करेल, फी विचारेल, आणि एक प्रश्न तिच्या ओठांवर येऊन परत जाईल. मी तेव्हा तो विचारला नाही, त्याची खंत आजही आहे. तू तिची वाट बघू नकोस. तिच्या मुलाला मैदानावर उतरायला मिळेल का, सरावात त्याच्या अंगावर कोण किती जोराने येणार, डोक्याला लागलं तर त्याला बाहेर कोण बसवणार, हे तूच आधी सांग. यामुळे एखादं चांगलं पोर दुसऱ्या कॉलेजात गेलं तर जाऊ दे.

तू तिथे सर्वांत धाकटा असणार, सरावाचे नियम तुझ्या हातात नसतील, हे मला कळतं. पण पाण्याची बाटली पुढे करायला कोणाची परवानगी लागत नाही.

पगाराचा हिशेब बाबा तुला वेगळा लिहितायत. माझ्याकडून तुला होकार आहे, अगदी मनापासून. परवाच द्यायला हवा होता.

ऑगस्टात सराव सुरू झाला की पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन कर. किती मुलांना लागलं ते आधी सांग, मग बाकीचं.

तुझी,
आई