सूचना : ऑक्टोपस शिवायला बसण्यापूर्वी

सर्व सभासदांना नमस्कार. पुढच्या बैठकीत आपण कापडी ऑक्टोपस शिवणार आहोत. पॅटर्न (तुकडे कापायचा कागदी नमुना) १०० टक्के आकारातच छापा आणि त्यावरचा चाचणीचा चौकोन पट्टीने मोजून बघा. तो चुकला तर सगळेच तुकडे चुकतील.

सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणा. लव असलेलं कापड घेतलंत तर सगळे तुकडे लवीच्या एकाच दिशेने कापा. पायांचे तुकडे सुलट-उलट जोडीने लागतात. आठ पाय, म्हणजे १६ तुकडे.

खरी मेहनत पायांतच आहे. वळणांवर टाके बारीक घ्या, मग मार्जिनला (शिवणीबाहेर उरलेल्या कापडाला) कात्रीने काप द्या, पण शिवणीच्या २-३ मिलिमीटर अलीकडे थांबा. काप दिले नाहीत तर सुलट केल्यावर पाय चुरगळलेले दिसतात. मागे माशाच्या शेपटीचं हेच झालं आणि मला सगळी उसवावी लागली. टोकं बाहेर काढायला पेन्सिलीची बोथट बाजू वापरा, कात्री नको. कापूस चिमटी-चिमटीने टोकापासून भरत या. पाय जरा सैल राहिले तर छान लोंबतात, डोकं मात्र घट्ट हवं.

एक आग्रहाची विनंती : खेळणं तीन वर्षांखालच्या बाळासाठी असेल तर बटणाचे किंवा मण्यांचे डोळे अजिबात लावू नका. निघालेलं बटण घशात अडकू शकतं. डोळे दोऱ्याने भरतकाम करून काढा.

टाचण्या मोजून घ्या, आणि कापूस भरण्याआधी पुन्हा मोजा.