तपकीर गल्लीतल्या दादांना, ज्यांची केबल अजून माझ्याकडंच आहे

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तुम्हीच म्हणाला होतात ना, नाव-बिव टाकू नकोस कुठं, उद्या अर्धं पुणं फुकटचा सल्ला घ्यायला काउंटरवर उभं राहील आणि माझं रिपेरिंग तसंच पडेल. म्हणून नुसतं पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या तपकीर गल्लीतले लॅपटॉप-रिपेरिंगवाले दादा. तुम्ही मला ओळखालच. गेल्या ऑगस्टात भर पावसात पप्पांना घेऊन तुमच्या पत्र्याखाली उभी राहिलेली पंढरपूरची पोरगी मीच. आणि तेव्हा आम्ही तुमच्याकडं काही घ्यायला आलोच नव्हतो हो, नुसतं आडोशाला थांबलो होतो, हे आज कबूल करून टाकते.

डिप्लोमा झाला, डायरेक्ट सेकंड इयरला पुण्यात सिव्हिल मिळालं, कॉट बेसिसवर रूम मिळाली, आता राहिला लॅपटॉप. पप्पांची पिठाची गिरणी, बजेट सगळं धरून चाळीस हजार, त्याच्यावर एक रुपया नाही असं घरी आधीच ठरलेलं. आणि सल्ले मात्र चारी बाजूंनी. सीनियर म्हणाले गेमिंग लॅपटॉप घे, सिव्हिलला ग्राफिक्स कार्ड लागतंच. रूममेटकडं मॅकबुक एअर, ती इतकी पातळ आणि देखणी की मला रात्री स्वप्नात यायला लागली. मामेभाऊ फोनवर सारखा एकच, इंटेलचा आय सेव्हन प्रोसेसर असेल तरच घे, नाहीतर घेऊच नको. स्वारगेटला एसटीतनं उतरून मेट्रोनं मंडईपर्यंत आलो तोवर माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

तुमच्याकडं यायच्या आधी दोन-तीन दुकानं फिरलो होतो. एका ठिकाणी आय सेव्हन चोवीस हजारात मिळत होता, वर बॅग आणि माउस फ्री. पप्पांनी पैसे काढायला पिशवीत हात घातलेला, तेवढ्यात मी म्हणलं अजून एक-दोन ठिकाणी बघू, आणि बाहेर पडलो तर पाऊस. ती सर पाच मिनिटं उशिरा आली असती तर आज हे पत्र लिहायचं कारणच नव्हतं.

पप्पांना गप्प बसवत नाही, त्यांनी तुम्हाला सहज विचारलं की चोवीस हजारात आय सेव्हन बरा आहे का. तुम्ही हातातल्या मदरबोर्डवरनं मान पण वर केली नाही, नुसतं विचारलं, कितवी जनरेशन? मला काय माहीत. मी मोबाइलमध्ये काढलेला स्टिकरचा फोटो दाखवला. तुम्ही फोटो मोठा केला, हसलात आणि म्हणालात, सातवी आहे ताई, नाव आय सेव्हन पण आत काम करणारे कोर दोनच, आठव्या जनरेशनपासून याच वर्गातल्या आय फाइव्हला पण चार मिळतात. आणि दुसरं, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद होतोय, विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा लागतो, म्हणजे दोन महिन्यांनी काय करणार? मी गप्प. पण पप्पांना पटकन समजावं म्हणून तुम्ही जे म्हणालात ना, की काका, नुसता एचपी बघून जुनी मोटर घेता का, वाइंडिंग बघता ना आधी, तिथं पप्पा तुमचे झाले. त्यांनी तुमच्यासाठी पलीकडनं कटिंग चहा सांगितला. पप्पा असा चहा कुणाला सांगत नाहीत दादा, गिरणीत आलेल्या पाहुण्याला पण आधी विचारतात घेऊन आलात ना म्हणून.

मग तुम्ही स्टूल पुढं सरकवलं आणि उलटतपासणी घेतली. काय शिकतीस, कुठली सॉफ्टवेअरं लागतात, कॉलेजला रोज नेणार का, रूमवर टेबल केवढं आहे. टेबलाचं ऐकून मला हसू आलं होतं. मी वीत मोजून दाखवली, तुम्ही म्हणालात ठीक आहे, नंतर मॉनिटर ठेवायला जागा आहे. मला तोपर्यंत लॅपटॉपला वेगळा मॉनिटर लावतात हे फक्त ऑफिसवाल्यांचं काम वाटायचं. तुम्ही म्हणालात, ड्रॉइंगवाल्यांनी लॅपटॉप हलका घ्यावा आणि रूमवर मोठा पडदा लावावा, गेमिंगवाला सव्वादोन-अडीच किलो, वर त्याचा चार्जर विटेएवढा, ते रोज बसमधनं नेऊन बघ एक महिना. मॅकबुकचा विषय तर एका वाक्यात संपवलात, मशीन एक नंबर आहे पण रेव्हिट आणि स्टॅड ही तुझी सिव्हिलची सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात, मग तू काय त्यावर पिक्चर बघणार का. त्या रात्री स्वप्नं बंद झाली.

आणि मग तुम्ही दुकान पोराच्या ताब्यात देऊन आमच्यासोबत चालत त्या दुसऱ्या दुकानात आलात. तुमच्याकडं विकायला लॅपटॉप नव्हताच, तुमचं काम रिपेरिंगचं. पप्पांनी नंतर त्या दुकानदाराला हळूच विचारलं होतं यांचं काय कमिशन असतं का, तो म्हणाला एक रुपया घेत नाहीत, उलट मलाच शिव्या देऊन जातात. हे तुम्हाला माहीत नसेल म्हणून लिहिलं.

तिथं कंपन्यांच्या ऑफिसातनं लॉटमध्ये परत आलेले लॅपटॉप होते. रिफर्बिश्ड म्हणल्यावर पप्पांचं तोंड उतरलं, म्हणजे जुनाच ना. तुम्ही काही बोलला नाहीत, डेलचा एक लॅटिट्यूड उचलला, अकराव्या जनरेशनचा आय फाइव्ह, आणि तो चालू न करता आधी आडवा धरून त्याच्या कडा बघत बसलात. स्टिकर पुढं लावतात, कामाचं सगळं कडेला असतं, हे तुमचं वाक्य. टाइप-सीच्या भोकाशेजारी बारीक विजेची खूण होती, ती मला नखानं दाखवलीत. टाइप-सी हा नुसता तोंडाचा आकार झाला, कुणात फक्त फाइली जातात, कुणात चार्जिंग पण होतं, कुणातनं चित्र पण बाहेर येतं, आणि ह्याला ही थंडरबोल्टची खूण आहे, म्हणजे तिन्ही आलं. मी मान डोलावली. खरं सांगू, तेव्हा ढिम्म कळलं नव्हतं. ते कळायला दिवाळी उजाडावी लागली, ते येतंच पुढं.

मग चालू केला आणि पहिल्यांदा एफ टू दाबून बघितलंत की कंपनीचा पासवर्ड तर राहिला नाही ना आत. नोटपॅड उघडून सगळ्या कळा दाबल्यात. पांढरं पान स्क्रीनभर करून कुठं ठिपका मेलाय का ते बघितलंत. त्याच किमतीत दोन पीस होते, एकाचा स्क्रीन 1366 चा, म्हणजे कमी ठिपक्यांचा, आणि एकाचा फुल एचडी, वरनं दोन्ही सारखेच, मला एकटीला कधीच कळलं नसतं. आणि ते काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी असं काहीतरी टाइप करून बॅटरीचा रिपोर्ट काढलात, डिझाइन 63 हजार मिलिवॅट-अवर, आता भरतीय 51 हजार. म्हणजे शंभरातले ऐंशी शिल्लक, म्हणालात. दुसऱ्याची काढली तर निम्मी पण नव्हती. पप्पा म्हणाले हे तर मीटर रीडिंगच झालं की.

रॅमची गंमत तर मी आत्तापर्यंत वर्गात दहा जणांना सांगितलीय. आत आठ जीबीची एकच पट्टी होती आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नाव दिसत होतं इंटेल यूएचडी. तुम्ही खालचं झाकण काढून शेजारच्या रिकाम्या खाचेत अजून एक आठची पट्टी बसवलीत, परत चालू केलं, आणि तिथंच नाव आलं आयरिस एक्सई. चिप तीच, पण दोन पट्ट्या लागल्याशिवाय ते नावच लावत नाहीत म्हणे. बरं झालं तेव्हाच घेतली, आता रॅमचा भाव विचारायची सोय राहिली नाही. सगळं मिळून एकतीस हजार झाले. उरलेले नऊ पप्पांनी परत पिशवीत ठेवले आणि म्हणाले हे तुझ्या त्या मोठ्या पडद्याचे.

आता माझ्या शहाणपणाचा भाग.

दिवाळीत एका सीनियरनं त्याचा मॉनिटर काढला, 22 इंची जुना डेल, अडीच हजारात. मला वाटलं आता मला सगळं कळतंय, कशाला दादांना विचारायचं. घेऊन आले. त्याच्यासोबत फक्त ती जुनी निळी व्हीजीए केबल, माझ्या लॅपटॉपला मात्र टीव्हीला असतं तसलं एचडीएमआयचं भोक. म्हणून जाऊन एक कन्व्हर्टर आणला, पाकिटावर ठसठशीत व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही लिहिलेलं. एक टोक मॉनिटरमध्ये गेलं, दुसरीकडनं एचडीएमआय केबल लॅपटॉपमध्ये, सगळं असं फिट बसलं की मी रूममेटला बोलावून घेतलं उद्घाटनाला. आणि स्क्रीनवर नो सिग्नलचा चौकोन नुसता इकडनं तिकडं फिरत राहिला. केबल काढ, घाल, रीस्टार्ट कर, विंडोज आणि पी दाबून बघ, काही नाही. अडीच हजार पाण्यात गेले, पप्पांना काय सांगायचं, ह्या विचारानं साडेनऊला तुम्हाला व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला आणि खाली फक्त "दादा" असं लिहिलं.

तुमचा तो व्हॉइस मेसेज मी अजून जपून ठेवलाय. "ताई, हा कन्व्हर्टर उलटा आहे. जुन्या सीपीयूतनं नवीन टीव्हीला चित्र न्यायचा आहे हा. टाकीतनं नळाला पाणी येतं, नळातनं टाकीत चढतं का?" मागं कुणीतरी जेवायला बसा म्हणत होतं, म्हणजे तुम्ही पानावरनं उठून बोलत होतात हे मला दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं. ज्याच्याकडनं घेतला तो पाकीट फोडलं की परत घेत नाही, तो दीडशे-दोनशेचा फटका बसला तो बसलाच.

पण तुम्ही तिथं थांबला नाहीत. उलटं ते सुलटं आण एवढं म्हणून विषय संपवला असता तरी माझं भागलं असतं. तुम्ही म्हणालात मॉनिटरच्या मागचा फोटो पाठव. पाठवला. असा नको, खालनं काढ, भोकं खाली तोंड करून असतात. मग मी टेबलाखाली फरशीवर उताणी झोपून मोबाइलची बॅटरी लावून फोटो काढला, रूममेट हसून हसून कॉटवर लोळत होती. आणि तुमचा लगेच फोन, "अगं ते व्हीजीएच्या शेजारी काय आहे? चौकोनी, एक कोपरा कापल्यासारखा?" मी म्हणलं मला वाटलं ते सर्व्हिसवाल्यांसाठी असतं. "डिस्प्लेपोर्ट आहे तो! आणि तुझ्या लॅपटॉपला विजेची खूण कशाला बघून दिली होती मी?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला दादा. ऑगस्टात नखानं दाखवलेली ती खूण, म्हणजे टाइप-सीतनं निघणारं चित्र थेट ह्या डिस्प्लेपोर्टला न्यायचं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर आले तर तुम्ही ड्रॉवरमधनं एक वापरलेली केबल काढून ठेवलेली, एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला तो कापलेल्या कोपऱ्याचा डिस्प्लेपोर्ट. पैसे विचारले तर म्हणालात तुझी आली की आणून दे. रूमवर येऊन लावली आणि तीन सेकंदात चित्र. अक्षरं अशी रेखीव की मी मराठी पेपर उघडून वेलांट्या बघत बसले. नंतर माउस हरवला ते पण तुम्हालाच विचारलं, आठवतंय ना? मॉनिटर खिडकीशी डाव्या हाताला आणि विंडोजला वाटत होतं तो उजवीकडं आहे, सेटिंगमध्ये तो दोन नंबरचा चौकोन ओढून डावीकडं नेला तेव्हा बाण नीट इकडनं तिकडं जायला लागला. एवढ्यासाठी पण तुम्ही वैतागला नाहीत. म्हणजे थोडे वैतागलात, पण सांगितलंत.

आता कसं चालतं सांगते. मोठ्या पडद्यावर ड्रॉइंगचं ऑटोकॅड, खाली लॅपटॉपवर सरांनी दिलेला लाइन प्लॅन. आधी दर मापाला अल्ट-टॅब, परत अल्ट-टॅब, तोवर माप विसरायचं, खिडकी बाराशेची का पंधराशेची. परवा सेक्शन काढताना जिन्याच्या पायऱ्या मोजत होते, एकदाही फाइल बदलावी लागली नाही, शीट एका बैठकीत संपली. ऑटोकॅड पण क्रॅकवालं नाही हं, तुम्ही दटावलं होतं तसं कॉलेजच्या आयडीवरनं वर्षाचं फुकट स्टुडंट लायसन घेतलं, वर्ष झालं की परत रिन्यू करायचं. मध्ये एकदा लाइट गेली, मॉनिटर गप झाला आणि त्याच्यावरच्या सगळ्या खिडक्या टुणकन लॅपटॉपवर उड्या मारून आल्या, काम काही गेलं नाही. ते बघून रूममेट पण आता मॉनिटर घ्यायचं म्हणतीय, तिला मी आधी मागची भोकं बघायला शिकवलंय.

कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर पप्पा पुण्याला आले होते. रूमवर आले, मॉनिटरकडं बघून पहिला प्रश्न, हा टीव्ही कधी घेतला? मग मी प्लॅन उघडून दाखवला, झूम करून दाखवला. बराच वेळ बघत होते. म्हणाले, त्या माणसाचा चहा वसूल झाला.

दादा, माझी नवीन केबल कधीच आलीय, पाकीट तसंच कपाटात आहे. चालू सेटअपला हात लावायची भीती वाटते म्हणून अजून तुमचीच लावलीय, राग मानू नका. पुढच्या शनिवारी नक्की आणून देते, सोबत आईनं पाठवलेले पेढे आणि चुरमुरे पण आहेत, गल्लीत वाटू नका सगळे, वहिनींना घरी न्या, त्या दिवशी त्यांचं ताट माझ्यामुळं थांबलं होतं.

आणि हो, गिरणीत कॅमेरा बसवायचा तर कुठला घ्यावा असं पप्पा मला दोनदा विचारून झाले. मी सांगितलं, दादांना आता तरी त्रास देऊ नका. शनिवारी पप्पा पण येतायत.

तुमची,
पंढरपूरची ताई